फरशीवाली इंदूकाकी

गिऱ्हाइकाला फरशी दाखवताना इंदूकाकी आधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या. ओल्या दगडाचा रंग खुलतो, म्हणून हे सगळेच विक्रेते करतात. काकींचं वेगळेपण त्यानंतर सुरू व्हायचं. गिऱ्हाईक खूश होऊन "हीच द्या" म्हणालं की त्या हात वर करून त्याला थांबवायच्या.

"जरा सुकू दे. सुकल्यावर तोंड वाकडा करशीत तर माका चलाचा नाय."

मग त्याला चहा मिळायचा, गाव कुठलं, मूळ घर कुणाचं, बायको कुठली, याची चौकशी व्हायची, आणि तोवर फरशी आपल्या खऱ्या, फिकट रंगावर यायची. काही जण ते बघून निघून जात. काकी त्यांना हाक मारत नसत.

१९९८ साली मी मालवणजवळच्या कट्टा गावी हायस्कुलात हिंदी शिकवायला आलो आणि काकींच्या वखारीमागची खोली भाड्यानं घेतली. काकींचे यजमान बोटीवर नोकरीला होते. नोकरी सोडून गावी आल्यावर त्यांनी मालवण रस्त्याला ही फरशीची वखार टाकली आणि दोनच वर्षांत हृदयविकारानं गेले. लोकांना वाटलं, आता वखारीला कुलूप लागणार. काकींनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वखार उघडली. मी आलो तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की ट्रक मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला क्लीनरची गरज पडू नये. मुलगा सुहास कॉलेज सोडून हाताशी आला होता.

कुठलीही वस्तू समोर आली की काकी पहिला प्रश्न विचारत, "ह्या खंयसून इला?" म्हणजे हे आलं कुठून? बाजारात मासळीवालीसमोर बसल्या की बांगड्याचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय पुढचं बोलणं नसे. एकदा मासळीवाली सहज म्हणाली, "तोंडवलीचो ताजो आसा गो." काकींनी कल्ला बघितला, वास घेतला आणि शांतपणे मासा परत टोपलीत ठेवला. "तोंडवलीचोच असात. पण तोंडवलीत तो कधी इलो ता सांग." सगळ्या मासळीवाल्या हसल्या, ती बाईसुद्धा हसली. काकींशी भांडण करून कुणाला फार वेळ रागावता येत नसे.

वखारीत दगड कापायला म्हादेव होता. फोंडाघाटचा. बायको सुनंदा आणि तो वखारीच्या कडेच्या दोन खोल्यांत राहत. तिशीतला, सडसडीत, आणि गळा असा की बुधवारी भजनाला तो बसला तर रस्त्यावरचा माणूस आत यायचा. तो दिवसभर कटरवर असे. फिरतं पातं दगडाला लागलं की किंचाळायचं आणि पांढऱ्या धुळीचा लोट उठायचा. म्हादेव नाकातोंडाला टॉवेल गुंडाळून त्या लोटात उभा असायचा. संध्याकाळी अंघोळीआधी त्याच्या भुवया, मिशी, पापण्या सगळं पांढरं असे. सुहास त्याला "म्हातारो इलो" म्हणून चिडवायचा आणि तोही कमरेत वाकून म्हाताऱ्यासारखं चालून दाखवायचा.

पूर्वी कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडलेली असे. धूळ ओली होऊन खालीच बसायची. पण तो चिखल वाहत रस्त्यावर जाई. त्यावरून एक म्हातारी घसरून पडली, पंचायतीत तक्रार झाली. शिवाय मे महिन्यात विहीर तळाला जायची. काकींनी एक दिवस तो पाइप काढूनच टाकला. त्यावर कुणाचं काही म्हणणं पडलं नाही.

म्हादेवला खोकला कधी सुरू झाला ते नक्की कुणालाच सांगता आलं नसतं. काकी बिडीवरून त्याच्या मागे लागल्या. "बिडी सोड मेल्या, नायतर एक दिवस मशीनीर पडशीत."

"कधीच सोडलंय काकी."

"मग खोकतंस कशाक?"

काकींनी त्याला डॉक्टरकडे नेलं. टीबी म्हणाले. गोळ्या चालू झाल्या, काकी रोज समोर उभ्या राहून त्याला गिळायला लावत, वरून अंडं आणि दूध. कोर्स संपला. खोकला राहिला. पुन्हा गोळ्या. म्हादेवनं भजनात वरचा सूर सोडला, मग पुढे बसणं सोडलं. मागे बसून तो टाळ वाजवायला लागला.

तोपर्यंत जिल्ह्यात पर्यटनाचं वारं सुरू झालं होतं. तोंडवलीच्या किनाऱ्यावर एक मोठं रिसॉर्ट उभं राहत होतं. त्याचा मुंबईचा आर्किटेक्ट एक दिवस काकींकडे आला. त्याला राजस्थानी फरशी हवी होती, वाळूच्या रंगाची. पायवाटा, अंगण, पोहण्याच्या तलावाची कड, सगळीकडे तीच. काकींच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी ऑर्डर होती. सुहासनं तिथल्या तिथे पेढे मागवले.

जाता जाता आर्किटेक्ट म्हणाला, "आणि काकी, खाणीवाल्याकडून एक कागद मागवा. तिथं लहान मुलं कामाला नाहीत म्हणून. आमच्याकडे परदेशी पाहुणे येणार, ते असलं विचारतात."

सुहासनं त्याच दिवशी पुरवठादाराला फोन लावला. काकी शेजारी उभ्या होत्या, मी भाडं द्यायला गेलो होतो. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, सगळ्यांना ऐकू येत होतं. "कागज? भेज देता हूँ. कितने चाहिए?"

सुहासनं हसत फोन ठेवला. काकी हसल्या नाहीत.

"कितने चाहिए म्हणजे?" त्यांनी मला विचारलं. मी अर्थ सांगितला.

"म्हणजे बगल्याबिगर देता तो?" त्या म्हणाल्या. "मी बांगडो घेताना कल्लो उघडून बगतंय. हो तर आख्खो ट्रक." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमका हिंदी येता. दिवाळीच्या सुटयेत माझ्यावांगडा राजस्थानाक चला."

सुहासनं खूप समजावलं. पण काकी ठरवून बसल्या होत्या. आम्ही कुडाळहून गाडीत बसलो, मुंबईला गाडी बदलली. काकींनी वाटेसाठी घावणे आणि सुकी चटणी घेतली होती, डब्यातल्या सगळ्यांना वाटली. त्या प्रवासभर खुशीत होत्या. लग्नानंतर इतक्या लांब पहिल्यांदाच चालल्या होत्या.

पुरवठादाराचा माणूस स्टेशनवर जीप घेऊन आला. त्यानं आम्हाला एका मोठ्या आवारात नेलं. तिथे मशीनवर पाणी पडत होतं, जमीन ओली होती, कामगारांच्या तोंडावर मास्क होते. पांढरेशुभ्र. परदेशी जाणाऱ्या फरशा लाकडी खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. त्यातून उरलेला दुसऱ्या प्रतीचा माल आमच्याकडे येत होता, हे मला तिथे कळलं. काकींनी एका कामगाराच्या मास्ककडे निरखून बघितलं आणि मालवणीत मला म्हणाल्या, "मास्तर, ह्येची घडी अजून मोडूक नाय."

चहा झाल्यावर काकी त्या माणसाला म्हणाल्या की जरा बाईमाणसाला जायचं आहे. तो गडबडला, दिशा दाखवली. काकींनी मला डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही आवाराच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलो. मागे वस्ती होती.

तिथे प्रत्येक दारासमोर दगडाचे तुकडे पडले होते. खाणीत वाया गेलेला दगड घरोघर आणून टाकतात आणि बायका, पोरं छिन्नी-हातोडीनं त्याचे चौकोनी ठोकळे करतात. रस्त्यात बसवायला ते परदेशी जातात. एका दारात आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती. पाय फाकून, मध्ये दगड धरून. प्रत्येक घावाआधी ती डोळे घट्ट मिटायची, घाव घालायची, मग उघडायची. कपची डोळ्यात उडू नये म्हणून. काकी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. नाव विचारलं. मी हिंदीत विचारलं. मुलीनं मान वर केली नाही. आतून आजीनं सांगितलं, "बोलेगी नहीं. काम रुक जाता है."

ओसरीवर खाटेवर एक माणूस झोपला होता. पाहुणे आले म्हणून तो उठायला गेला. अर्धा उठला आणि खोकायला लागला. कोरडा, कफ नसलेला खोकला, आणि प्रत्येक उबळीच्या शेवटी छातीतून येणारी एक बारीक शीळ. मला तो खोकला ओळखीचा वाटला, पण कुठला ते लक्षात येईना. काकींच्या ते लगेच लक्षात आलं. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"किती वयाचो हो?" त्यांनी विचारलं. तो चाळिशीचाही नव्हता. दिसायला साठीचा होता.

"टीबी की दवाई दो बार खिलाई," त्याची बायको म्हणाली. "टीबी थी ही नहीं. पत्थर था." तिनं हाताच्या मुठीनं आपली छाती दाखवली. मग गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या घरांकडे बोट केलं, इथला गेला, तिथला गेला, असं सांगत.

मी भाषांतर करायला लागलो. काकींनी मला थांबवलं.

"समाजला माका," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मास्तर, ह्यो आमचो म्हादेव."

परतीच्या प्रवासात त्या खिडकीशी बसून राहिल्या. चहा घेतला नाही, कुणाला काही विचारलं नाही. फक्त रत्नागिरी गेल्यावर एकदा म्हणाल्या, "मी दुसऱ्याचा बगूक गेलंय."

कुडाळहून रिक्षा करून वखारीत उतरलो तेव्हा कटर चालू होता. म्हादेव धुळीच्या लोटात उभा होता. काकींनी पिशवी जमिनीवर टाकली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पातं गरगरत थांबलं. म्हादेवनं टॉवेल खाली करून विचारलं, "काय झाला काकी?"

काकींनी त्याच्या केसांतली धूळ हातानं झटकायला सुरुवात केली. झटकतच राहिल्या. म्हादेव ओशाळून हसत उभा राहिला.

त्याच आठवड्यात त्या त्याला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. शाळा सुरू झाली होती, पण मी रजा काढून सोबत गेलो. तरुण डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला. दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ठिपके होते, वरच्या बाजूला ते एकमेकांत मिसळले होते. डॉक्टर म्हणाला, याला सिलिकोसिस म्हणतात. दगडाची बारीक धूळ आत जाऊन बसते, ती बाहेर काढता येत नाही. औषध नाही. म्हादेव बाहेर बाकावर बसला होता. काकींनी डॉक्टरला एकच गोष्ट विचारली.

"पाणी सोडलेला असता तर?"

"पुष्कळ फरक पडला असता," डॉक्टर म्हणाला. त्याला पाइपाची गोष्ट माहीत नव्हती.

बाहेर येऊन काकी म्हादेवशेजारी बसल्या. मी जरा लांब उभा राहिलो, पण काकींचा आवाज तिथपर्यंत येत होता.

"म्हादेवा, टीबी नाय. धूळ आसा. ह्या माझ्यामुळे झाला. मी पायप काढलंय."

म्हादेवनं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "असा बोलू नकात काकी. पायप काढलास तेव्हा माका बराच वाटला होता. थंडयेत कपडे भिजत, हात गारठत."

काकींनी पदर तोंडाला लावला. त्यांना रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

आम्ही परत आलो तेव्हा राजस्थानहून कागद येऊन पडला होता. शिक्का, सही, सगळं होतं. आर्किटेक्ट ऑर्डर पक्की करायला आला. काकींनी कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "कागद आहे. पण खोटा आहे. मी स्वतः बघून आले."

तो अवघडला. "काकी, मला कागद पुरतो. त्याच्यामागे काय आहे ते बघायचं माझं काम नाही."

"मग माझ्याकडून नको," काकी म्हणाल्या.

त्या दिवशी मायलेकांचं जे भांडण झालं ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू आलं. सुहास वाईट मुलगा नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं.

"आये, तू नाय दिलंस तर दुसरो कोण तरी देतलो. ती पोरां थंयच रवतली."

"होय. रवतली."

"मगे तुझ्या नाय म्हणण्यान काय झाला?"

"माका समजणा नाय," काकी म्हणाल्या. "पण माझ्या हातान नको."

सुहास महिन्याभरात मालवणात गेला, मित्राच्या भागीदारीत वखार टाकली आणि तोंडवलीची ऑर्डर त्यानंच पुरी केली. मायलेकांचं बोलणं थांबलं. काकींनी राजस्थानी फरशी विकणं बंद केलं. पडून असलेला मालही विकेनात. रचलेल्या थप्प्यांमधून गवत उगवलं. गावात लोक म्हणू लागले की काकीक याड लागला. काही जण तोंडावर म्हणाले.

म्हादेवला आणि सुनंदाला काकींनी आपल्या घरात, पुढच्या मोठ्या खोलीत आणलं, कारण तिथे वारा चांगला यायचा. त्याला आडवं होता येत नसे. पुढ्यात स्टूल घेऊन त्यावर हात टेकून तो बसायचा, तसाच डुलकी घ्यायचा. काकी त्याची पाठ चोळायच्या, त्याच्यासाठी तांदळाची पेज करायच्या. सुनंदा कमी बोलायची. काकींनी केलेलं सगळं ती बघायची आणि नजर दुसरीकडे वळवायची.

एका बुधवारी भजनाची मंडळी म्हादेवला भेटायला आली. पेटी, पखवाज घेऊनच आली होती. म्हादेव म्हणाला, "म्हणा. पण जरा दमान म्हणा. माझ्या दमान." त्यांनी सुरू केलं. म्हादेव ओठ हलवत होता. त्याचा श्वास तुटला की पखवाजवाला हात थांबवायचा, सगळे थांबायचे. त्यानं श्वास घेतला की पुढची ओळ. एरवी दहा मिनिटांचा अभंग अर्धी दुपार चालला. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अभंग संपला. म्हादेव हसून म्हणाला, "मेल्यांनू, पेटी बेसूर झाली हा."

पुढच्या बुधवारपर्यंत तो राहिला नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण टीबी लिहून आलं. काकी मला घेऊन पंचायतीच्या कार्यालयात गेल्या. तिथे त्या शुद्ध मराठीत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द जपून. "साहेब, हा माणूस टीबीनं गेला नाही. दगडाच्या धुळीनं गेला. माझ्या वखारीत. तसं लिहा."

कारकुनानं त्यांना खुर्ची दिली, दार लोटलं. "काकी, तसं लिहिलं तर तुमच्याच अंगावर येईल."

"येऊ दे. त्यासाठीच आले."

कारकून भला माणूस होता. त्याला काकींना वाचवायचं होतं. काकी पुन्हा पुन्हा गेल्या, एक्स-रे घेऊन गेल्या. दाखला बदलला नाही.

वखारीची जागा काकींनी सुनंदाच्या नावावर करून दिली. सुनंदानं सही केली. ट्रंक बांधून ती फोंडाघाटला निघाली तेव्हा काकी तिला एसटीवर सोडायला गेल्या. मी ट्रंक उचलायला होतो. गाडी लागल्यावर सुनंदा म्हणाली, "काकी, तुमी केलास ता कोण करूचो नाय. पण माका तुमचा तोंड बगवणा नाय."

"होय गो," काकी म्हणाल्या. "जा तू."

त्यानंतर काकी बदलल्या. बाजारात त्यांचा आवाज ऐकू येईना. त्या सकाळी निघायच्या आणि हायवेच्या कडेच्या खडीच्या क्रशरवर जायच्या, घरं बांधायची चालू असतील तिथे फरशी कापणाऱ्यांकडे जायच्या. खोकणारा माणूस दिसला की त्याला ओरसच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायला चल म्हणायच्या. बहुतेक जण घाबरायचे, दिवसाचा रोज बुडेल म्हणायचे. मालक काकींना हाकलून द्यायचे. काही जण त्यांच्यासोबत जायचे. त्यातल्या काहींचे एक्स-रे म्हादेवच्या एक्स-रेसारखे निघाले.

एकदाच त्या सुहासच्या मालवणच्या वखारीत गेल्या. बरोबर विकत घेतलेला पाइप होता. कुणाशी न बोलता त्यांनी तो नळाला लावला, दुसरं टोक कटरच्या पात्याच्या वर बांधलं, पाण्याची धार पडते का बघितली आणि निघाल्या. सुहास आतून बघत होता. त्यानं हाक मारली नाही, अडवलंही नाही. पुढे काही दिवसांनी मी तिथून गेलो तेव्हा पाइप गुंडाळून भिंतीच्या खिळ्यावर टांगलेला होता, आणि आत धुळीत कुणीतरी उभं होतं.

२०१० साली माझी बदली झाली. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं गेलं होतं. काकींचा निरोप घ्यायला गेलो तर घराला कुलूप. मी मालवणहून येणारी एसटी धरली. कसाल ओलांडून गाडी हायवेला लागली आणि थोड्या अंतरावर, एका क्रशरच्या फाटकाशी, काकी दिसल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. रखवालदार त्यांना हातवारे करून जायला सांगत होता आणि त्या त्याच्याकडे न बघता आतून बाहेर पडणाऱ्या कामगारांकडे बघत होत्या. जेवणाची सुट्टी झाली असावी. बायका टोपल्या काखेत घेऊन, तोंडाला फडकी बांधून येत होत्या. काकी एकीला काही विचारत, ती मान हलवून पुढे जाई. दुसरी तर लांबूनच वळली.

ड्रायव्हरनं समोरच्या ट्रकसाठी गाडी हळू केली. मी खिडकीतून हाक मारली, पण क्रशर अजून चालू होता, त्या आवाजात ती पोचली नाही. मागून येणारी एक तरुण बाई काकींसमोर थांबली. काकींनी तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. बाईनं एकदा मागे, मालकाच्या खोलीकडे बघितलं. मग तोंडावरचा फडका खाली ओढला आणि ती बोलायला लागली.